गुरुजी, दिवसाची जागा रिकामी आहे

गुरुजी,

तुमच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका काल तुमच्या प्रकाशनं मला फोनवर पाठवली. "छापायला देण्याआधी एकदा नजर टाका, ताई," म्हणाला. फोटो तोच, तुमच्या निवृत्तीच्या दिवशीचा. गळ्यात हार आणि चेहऱ्यावर 'हे कधी आटपतं' असा भाव. खाली जन्मतारीख, एक जून. तिच्याशेजारी निधनाची तारीख, सोमवारची. दोन्ही तारखा दिवस, महिना, सालासकट पूर्ण आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. मी 'ठीक आहे' असं लिहून पाठवलं. तुमचा मुलगा आहे तो, नागपूरहून धावत आलेला, अजून नीट जेवतही नाही. तुझ्या वडिलांना या दोन तारखांचा राग आला असता, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

राग मात्र आला असताच. तुमचा आवाज कधी चढायचा नाही, तुम्ही फक्त समोरच्याचं नाव दोनदा घ्यायचात. "मीने, मीने," एवढं ऐकलं की मी समजायचे, आपलं काहीतरी चुकलं.

तुम्ही नक्की कधी गेलात हे कुणालाच माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी तुम्ही होतात, कारण तुमचा फोन येऊन गेला होता. रविवारी तुम्हाला कुणी पाहिलं नाही. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, सगळं गाव शेतात होतं. सोमवारी सकाळी दूध घालणाऱ्या बाईनं दार ढकललं, तर तुम्ही खाटेवर पडलेले, डोळ्यांवर चष्मा तसाच. डॉक्टरांनी तुम्हाला सोमवारी पाहिलं म्हणून दाखल्यावर सोमवार आला. 'शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ यांच्यामध्ये कधीतरी' असं लिहायची सोय त्या रकान्यात नाही. ज्या रकान्यापुढे तुम्ही सगळी नोकरी हात टेकून काढलीत, तोच शेवटी तुमच्याही वाट्याला आला.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या, जैनथकडच्या आमच्या गावात मराठी शाळा म्हणजे तुम्हीच. माझी आई तुमच्या अगदी पहिल्या वर्गातली आणि मी शेवटच्या काही वर्गांतली. शाळा जूनमध्ये उघडायची. आईबाप लेकराला हाताला धरून आणायचे आणि तुम्ही विचारायचात, "पैदाइश कवाची?" त्यावर कुणी म्हणे, नदीचं पाणी मारुतीच्या पारापर्यंत आलं होतं तेव्हाची. कुणी म्हणे, सोंगणीत झाला. रजिस्टरात मात्र दिवस, महिना, साल असे तीन खण, आणि एकही रिकामा ठेवला तर वरचे साहेब रजिस्टर परत पाठवत. मग तुम्ही लेकराला सांगायचात, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कान हाती लागला की सहा वर्षं पुरी. चालू सालातून सहा वजा आणि पुढे एक जून. आमच्या गावात चाळिशीच्या पुढच्या ज्याला विचाराल त्याचा वाढदिवस एक जून आहे. माझ्या आईचाही होता.

पण तुम्ही तेव्हापासून एक जास्तीचं काम करत होतात आणि ते कुणाला माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर आईबापांनी खरं काय सांगितलं ते तुम्ही एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवायचात. अशा अकरा वह्या झाल्या. "कायले लिवत होते गुरुजी?" असं मी विचारलं, तर म्हणालात, "झोप लागत नसे बाई."

वह्या पेटीतून बाहेर निघाल्या त्या किसनमुळे. तो तुमचा विद्यार्थी, पुढे सरकारी कार्यालयात शिपाई झाला. मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त होऊन तो तुमच्या दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही, नुसतं सांगितलं. "गुरुजी, माये हात लांब होते, म्हून कान लवकर हाती लागला. दोन वर्सांची नोकरी गेली माई." तुम्ही त्याला चहा पाजलात. तो गेल्यावर तुम्ही पेटी उघडलीत आणि त्याची नोंद शोधलीत. त्याच्या आईचे शब्द वहीत होते, आणि त्या शब्दांप्रमाणे किसन खरोखरच दोन वर्षांनी लहान होता.

पुढच्या एक तारखेला तुम्ही पेन्शनसाठी आदिलाबादला आलात आणि बँकेतून थेट माझ्या घरी. पिशवीत पहिली वही होती. मी घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीसाठी लिंक्ड डेटाचं काम करते, एवढं तुम्हाला आईकडून कळलेलं होतं. ते काम म्हणजे काय, हे मला तुम्हाला समजावावं लागलं. मी म्हटलं, यात प्रत्येक माणसाला, गावाला, शाळेला स्वतःचा एक कायमचा पत्ता असतो, आणि दोन पत्त्यांच्या मध्ये नातं लिहिता येतं. हा ह्याचा मुलगा, ही ह्या गावची. उद्या दुसऱ्या कुणी दुसरीकडे नोंद केली, तर ती आपल्या नोंदीला जोडता येते. तुम्ही विचारलंत, "रजिस्टरात बापाचं नाव असे फक्त. यात मायचं जोडता येते?"

"येते."

"मंग काऊन बसली? कर सुरू."

त्याच दिवशी मी तुम्हाला तारखांचे प्रकार सांगितले. ते सांगितलं नसतं तर आज बरं झालं असतं, असं मला वाटतं. या कामात तारीख लिहिताना ती कोणत्या प्रकारची आहे हेही सोबत लिहायचं असतं. पूर्ण तारीख हा एक प्रकार. साल आणि महिना माहीत असेल तर त्याचा वेगळा प्रकार. नुसतं साल, त्याचाही वेगळा. इतकंच काय, दिवस आणि महिना माहीत आहे पण साल नाही, असाही एक प्रकार आहे. हे ऐकल्यावर तुम्ही वही भराभर चाळलीत आणि एका नावावर बोट ठेवलंत. "हे पाह्य. याची माय म्हने, जयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी झाला, साल याद नाई. म्हंजे चवदा एप्रिल पक्का अन् साल नाई. याले जागा हाये?"

"आहे."

तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "म्हंजे जे मालूम नाई, थे मालूम नाई म्हून लिवाले जागा हाये यात. असं एखादं रजिस्टर आमाले देलं असतं तर." वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत. त्या दिवशी मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं, गुरुजी. तुम्ही मला शिकवलंत आणि आता मी तुम्हाला काहीतरी देते आहे, अशा थाटात मी दोनदा चहा केला.

मग दर एक तारखेला आपली बैठक. तुम्ही वही उघडून नाव सांगायचात, गाव सांगायचात, आईचं नाव सांगायचात आणि मग तारखेची गोष्ट. मी फॉर्मवर टाइप करत जायचे. गोष्टी मात्र मी भरल्या नाहीत. "त्या वहीत आहेतच, नंतर फोटो काढून घेऊ," असं मी म्हणायचे. मला पुढची नोंद भरायची घाई असायची. आईच्या नोंदीच्या वेळी तुम्ही बराच वेळ बोलत होतात. तुमच्या शाळेतला पहिला दिवस, आईच्या आईनं काय सांगितलं, कापसाचं काहीतरी. मी तेव्हा तिच्या आजोळचं गाव यादीत शोधत होते आणि हूं हूं करत होते.

भांडलोही कितीदा. सगळ्यांत मोठं भांडण पोळ्यावरून झालं. एका आईनं सांगितलं होतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, साल आठवत नाही. पोळा दर साली इंग्रजी कॅलेंडरात वेगळ्या दिवशी पडतो, त्यामुळे सालच नसेल तर तारीख काढणार कशी? मी म्हटलं, हे तारखेच्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, साधा मजकूर म्हणून लिहू. तुम्ही म्हणालात, "मंग थे तारीख नाई?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला नाही. "त्या मायले जाऊन सांग, तुया लेकराले तारीख नाई म्हून." मी चिडून लॅपटॉप मिटला आणि तुम्ही चिडून चहा अर्धा ठेवलात. माझंच बरोबर होतं, आजही तसंच म्हणेन. तुम्ही असतात तर पुढच्या एक तारखेला पुन्हा भांडले असते.

पण खरी चूक पोळ्यात झाली नाही. ती झाली वयाच्या यादीत. गावातली माणसं वयाप्रमाणे लावून दाखव, असं तुम्ही म्हणालात. मी दाखवली, तर यादीत निम्मी माणसं नव्हती. "काऊन वं मीने, रुखमा कुठी गेली? अन् हे बाकीचे?" पूर्ण तारीख आणि नुसतं साल यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही, म्हणून ज्यांचं नुसतं साल होतं ते यादीतून गुपचूप गळाले होते. चूक झाली असंही कुठे लिहून आलं नव्हतं. मी तुम्हाला कारण समजावलं. तुम्ही शांतच होतात. "राहू दे गायब. गायब माणसाले कोनी तरी शोधते. खोटी तारीख लिवली तर कोनी शोधतच नाई."

हे वाक्य तुम्ही केवढ्या अनुभवानं बोललात, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

मला दिसलं एवढंच, की माझी यादी अर्धी येते आहे. माझ्या धंद्यात अर्धी यादी म्हणजे नामुष्की. शिवाय मला प्रत्येक प्रकाराची वेगळी तुलना लिहायचा कंटाळा आला होता, हेही सांगून टाकते. तुम्ही गेल्यावर मी कोडमध्ये एक ओळ घातली. महिना नसेल तर जानेवारी धर, दिवस नसेल तर एक धर, साल नसेल तर शाळेच्या रजिस्टरातलं घे, आणि सगळ्यांना पूर्ण तारखेचा प्रकार लाव. जुन्या नोंदीही तिच्यातून काढल्या आणि त्यावरच सेव्ह केल्या. तात्पुरती ओळ म्हणून घातली होती, गुरुजी. माझ्या धंद्यात तात्पुरतं म्हटलेलं तसंच राहतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. जयंतीच्या दिवशी जन्मलेल्या त्या माणसाला पुन्हा तेच साल चिकटलं, जे तुम्ही कान धरायला लावून काढलं होतं.

तुम्हाला हे दिसू नये म्हणून मी दुसरी ओळ घातली. तारीख एक जानेवारी असेल तर पडद्यावर फक्त साल दाखव. कुठल्याही महिन्याची एक असेल तर फक्त महिना आणि साल दाखव. तुम्ही पुढच्या वेळी आलात, यादी पाहिली. सगळी माणसं हजर, रुखमापुढे नुसतं साल. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "जमवलं पोरीनं." मी हसले. तुमची थाप मी घेतली, गुरुजी, आणि त्यानंतर वर्षभर घेत राहिले.

मग परवाची ती एक फेब्रुवारी. तुम्ही तुमच्या नोंदी वाचत बसला होतात, ओठ हलवत, शाळेत हजेरी वाचायचात तसे. एका नावाशी थांबलात. "मीने, मीने. विमलची तारीख कुठी गेली?"

विमलताई तामसीला दिलेल्या. त्यांच्या वडिलांनी आदिलाबादच्या दवाखान्याची चिठ्ठी आणली होती, म्हणून त्यांची तारीख तुमच्या वहीतल्या मोजक्या पक्क्या तारखांपैकी. एक जानेवारी. खरीखुरी एक जानेवारी. माझ्या दुसऱ्या ओळीनं तिच्यातला दिवस आणि महिना झाकून टाकला होता आणि पडद्यावर नुसतं साल उरलं होतं. खोट्या एक जानेवारीवाल्यांच्या गर्दीत खरी एक जानेवारी हरवली होती.

"टायपिंगची चूक झाली असन, गुरुजी," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. वर्गात गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराकडे पाहायचात, तसं. चहा पुरा प्यायलात, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवलात आणि दारात चप्पल घालताना म्हणालात, "पुढल्या खेपेला वह्या साऱ्या घेऊन येतो. एकडाव सारं मिळवून पाहू. मी जिता हाओ तवरिक इचारून घे." मी हो म्हटलं. तुम्हाला ऑटोपर्यंत सोडायला आले नाही, माझी मीटिंग होती.

तुम्हाला कळलं होतं का, गुरुजी? मी तेच तेच आठवून पाहते. कप ठेवताना तुमचा हात, चप्पल शोधताना वाकलेली पाठ. एकदा वाटतं सगळं कळलं होतं, एकदा वाटतं काहीच नाही. यातलं काय खरं धरावं, ते आता कोण सांगणार?

तुमच्या तिसऱ्या दिवशी मी गावी आले, ती खरं तर वह्यांसाठीच आले. रडायलाही आले, पण पिशवी सोबत घेऊन आले. प्रकाशनं घर झाडून घेतलं होतं. पेटी अंगणात उन्हात उघडी पडलेली, आत काही नाही.

"वह्या होत्या ना रे यात? जुन्या, अकरा?"

"होत्या ताई. पानी लागून चिकटल्या होत्या साऱ्या, उदईनं खाल्ल्या बी होत्या. काल रद्दीवाला आला तं देऊन टाकल्या." मग माझा चेहरा पाहून, "कामाच्या होत्या का?"

मी नाही म्हटलं. त्याच्यावर हे ओझं कशाला? रद्दीवाला बोथकडचा की कुठला, तेही धड कुणाला माहीत नव्हतं. मी दोन दिवस फिरले. एकानं सांगितलं, माल केव्हाच गाडीत भरून गेला.

घरी येऊन जुने बॅकअप काढून पाहिले, एकूण एक. मी बॅकअप घ्यायला सुरुवात केली ती ओळ घातल्यानंतर. म्हणजे सगळ्या प्रतींत तेच. आता नोंदवहीत एक जानेवारीवाल्यांची रांग लागली आहे. त्यांतल्या कुणाचं फक्त साल माहीत होतं, कुणाचा जानेवारी महिना माहीत होता, कुणाचा दिवसही पक्का होता, हे सांगणारं कुणी उरलं नाही. विमलताईंची एक तारीख मला ठाऊक आहे, कारण तुम्ही ती विचारलीत. तेवढी मी दुरुस्त केली. बाकीच्यांना जाऊन विचारावं, तर ते बिचारे शाळेचा दाखला काढून दाखवतात. त्यावर तुमच्याच अक्षरात एक जून. ज्यांना खरं माहीत होतं त्या आया कधीच्याच गेल्या. तुम्ही एक जूनचे एक जानेवारी करायला माझ्याकडे आला नव्हतात, गुरुजी. तुम्ही काय करायला आला होतात हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली मी ही अशी.

आईच्या नोंदीत महिना आहे, नोव्हेंबर. एक नोव्हेंबर. तो महिना तुम्ही सांगितला होता की दिवसही सांगितला होता? कापूस म्हणालात, एवढं आठवतं.

परवा मी तुमची नोंद उघडली. तुम्ही स्वतःलाही नोंदवलं होतंत, आईचं नाव जोडून, गावाचं नाव जोडून. जन्म म्हणून नुसतं साल सांगितलं होतंत, "थे बी अंदाजानं." निधनाच्या खणात मी साल आणि महिना घातला आणि दिवस सोडून दिला. सेव्ह केलं. पडद्यावर अगदी बरोबर दिसलं, फेब्रुवारी आणि साल. मला जरा समाधान वाटलं, तुमची एक तरी गोष्ट तुमच्या मनासारखी केली म्हणून. मग आतली नोंद उघडून पाहिली. माझी ओळ इमानेइतबारे काम करत होती. तिनं तुमच्या मरणाला एक तारीख लावून दिली होती. एक फेब्रुवारी. त्या दिवशी तुम्ही माझ्या घरात चहा पीत होतात आणि मी तुम्हाला टायपिंगची चूक म्हणून सांगत होते.

ती ओळ मी काढून टाकली. दोन्ही ओळी काढल्या. तुमच्या नोंदीत आता जन्माचं पुन्हा नुसतं साल आहे, निधनाचं साल आणि महिना आहे, दिवसाची जागा रिकामी आहे, आणि वयाची यादी काढली की तुम्ही त्यात येत नाही. बाकी सगळे येतात, खोट्या तारखांनिशी, ओळीनं. तुम्ही म्हणाला होतात, गायब माणसाला कुणीतरी शोधतं. मी रोज यादी काढते आणि तुम्ही नसल्याचं पाहून बंद करते. याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. तुमच्याबद्दलची एक पूर्ण तारीख माझ्याकडे आहे. दिवस, महिना, साल, वर तास आणि मिनिटं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं, फोनवर तुमचं नाव, आणि त्यापुढे लाल बाण. प्रकाशला मी सांगितलं, फोन चार्जिंगला होता, ऐकू आला नाही. तुम्ही विमलचं विचाराल, वह्या कधी आणू म्हणाल, म्हणून मी घाबरले होते. फोन माझ्या हातात होता, गुरुजी. वाजून बंद होईपर्यंत मी तुमच्या नावाकडे बघत बसले.